द्वारकाचे कान

पुंजारामची बायको साळूबाई मुळातच फटकळ. पण तिचा खरा राग पेटला तो लेकीपायी. द्वारका तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. पुंजाराम चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा, घरात त्याच्या आईचा, भागूबाईचा शब्द चालायचा. आमचा पुंजारामबी उशिराच बोलला, असं ती म्हणायची. एक दिवस तिनंच पोरीला वैदूकडं नेलं. जिभेखालचा दोरा आखूड आहे म्हणून त्यानं तो वस्तऱ्यानं कापला. पोर दोन दिवस अन्नाला शिवली नाही. बोलणं तर लांबच.

साळूबाईनं मग शहरातला डॉक्टर गाठला. पोरीच्या मागं पितळी परात पडली, सगळी आळी दचकली, पण हिनं मान वळवली नाही, असं ती सांगत होती. डॉक्टरांनी मान वर न करता कागदावर 'मतिमंद' लिहिलं आणि विचारलं, डॉक्टर तुम्ही आहात का मी?

त्या कागदापायी दोन वर्षं गेली. बालवाडीनं पोरीला घेतलं नाही. आळीत कुणी तिला येडी म्हटलं की साळूबाई त्याच्या दारात जाऊन भांडून यायची.

शेवटी ती एकटीच पोरीला घेऊन सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. त्यांनी तपासून सांगितलं, जीभ चांगली, डोकं चांगलं. हिला फार थोडं ऐकू येतं. ऐकल्याशिवाय बोलणार कशी? फार आधी आणायला हवं होतं.

साळूबाई तिथून थेट पहिल्या डॉक्टरकडं गेली. बाकडी भरलेली होती.

"मागं उभं राहून एक टाळी वाजवायची व्हती," ती म्हणाली. "तेवढंबी झालं नाय तुमच्याच्यानं."

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणायचं होतं.

"तवाच आणलं व्हतं. आता हा कागद खोटा हाय म्हणून लिहून द्या. सगळ्यांसमोर."

बाकड्यांवरच्या माणसांकडं बघत डॉक्टरांनी लिहून दिलं.

पोरीच्या कानाला यंत्र लागलं, वेगळ्या शाळेत नाव घातलं. साडेसहा वर्षांची झाली तेव्हा, यंत्र घालताना, ती पहिला शब्द बोलली, "नको." भागूबाईनं साखर वाटली. साळूबाईनं ती तोंडात घातली नाही. गेलेल्या वर्षांसाठी तिनं सासूला माफ केलं नाही, डॉक्टरला नाही, आणि त्या कागदावर इतके दिवस विश्वास ठेवला म्हणून स्वतःलाही नाही.