विश्रांतवाडीतली चारित्र्य पडताळणी

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण विश्रांतवाडीतली ती पडताळणी अजून डोक्यातून जात नाही. समलिंगी संबंध हा तेव्हा कायद्याने गुन्हा होता. एका उमेदवाराची सरकारी कार्यालयात निवड झाली होती आणि रुजू होण्याआधी आमचा अहवाल हवा होता. त्यातच ठाण्यात एक बिनसहीचं पत्र आलं : ‘सदर इसम एका पुरुषासोबत नवरा-बायकोप्रमाणे राहतो. अशा अनैतीक माणसास सरकारी नोकरी देऊ नये.’ साहेबांनी ते माझ्याकडे सरकवलं. मी तेव्हा फौजदार होतो.

आधी शेजारच्या बाईंकडे गेलो.

“अहो, त्या घरात दोघांपैकी एकाला तरी स्वयंपाक येतो. आमच्याकडे तेवढंही नाही,” असं म्हणून त्यांनी आत पेपर वाचणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. जबाब नोंदवण्यासारखा नव्हता.

उमेदवाराला ठाण्यात बोलावलं. बिचारा घामाघूम झाला होता. मी दरडावून विचारलं, “त्या माणसाशी तुमचे संबंध काय?”

तो म्हणाला, “साहेब, नऊ वर्षं एकत्र राहतोय. आता संबंध कमी, भांडणंच जास्त.”

“कशावरून?”

“पंख्यावरून. त्याला पाचवर लागतो, मला दोनवर.”

हवालदाराने तोंड फिरवलं. खांदे मात्र हलत होते.

उठताना उमेदवार हळूच म्हणाला, “साहेब, माझी वयोमर्यादा संपतेय. ही नोकरी गेली तर पुन्हा परीक्षेला बसता येणार नाही.”

त्यांच्या सोसायटीत गेलो, तर फलकावर सेक्रेटरींची सूचना : ‘अनैतीक पार्किंग करू नये.’ तेच अक्षर आणि तीच दीर्घ ‘ती’. सेक्रेटरींना बोलावून घेतलं.

“आपल्या सोसायटीबद्दल एक पत्र आलंय.”

“निनावी पत्राशी माझा काय संबंध?”

“निनावी आहे, असं मी कुठं म्हटलं?”

त्यांनी पाणी मागितलं. मग कबूल केलं, “त्यांची मोटारसायकल माझ्या जागेत असते हो.” ग्लास ठेवल्यावर मात्र ताठ झाले. “पण साहेब, गुन्हा तर आहे ना?”

गुन्हा होताच. नोकरीच्या सुरुवातीला याच ३७७ कलमाचं नाव घेऊन मी एका बागेत बसणाऱ्या पुरुषांना हुसकावत असे. “घरी कळवू का?” एवढं विचारलं की माणूस हात जोडायचा. गुन्हा एकावरही दाखल केला नाही. तशी गरजच पडली नाही.

अहवालात लिहिलं : ‘गुन्हा दाखल नाही. वर्तणूक चांगली.’

साहेब म्हणाले, “आणि पत्राचं काय?”

“त्यावर सही नाही, सर. जबाब कोणाचा घेऊ?”

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सही केली. उमेदवार वेळेत रुजू झाला.

पुढे न्यायालयाने तो गुन्हा मोडीत काढला, तेव्हा मी निवृत्त झालो होतो. कलम लावावंच लागतं असं नाही, नुसतं उच्चारलं तरी माणूस मोडतो, हे मला या प्रकरणाने शिकवलं. एकाची नोकरी वाचली, याचं समाधान आहे. पण बागेतून ज्यांना हाकललं, त्यांची मी कधी नावंही विचारली नाहीत.