भाऊजी ताईला हॅरॅस करतात

माझ्या इंग्रजीमुळे आमच्या भाऊजींची तिसरी फीत जाता जाता राहिली.

भाऊजी म्हणजे सुमनताईचा नवरा. देवळाली कॅम्पात तोफखान्यात नाईक होते. हवालदार झाल्याची, म्हणजे तिसऱ्या फितीची, बातमी आज येते की उद्या, अशी सगळे वाट बघत होते. मी नाशिकला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, विषय इंग्रजी! (विषय होता, येत होतं असं नाही.) भाऊजींच्या साहेबांच्या मेमसाहेब जवानांच्या क्वार्टर्समध्ये बायकांची विचारपूस करायला येणार म्हटल्यावर ताईनं मला तातडीनं बोलावून घेतलं. बाई पार दक्षिणेकडच्या. हिंदी कच्चं, मराठी शून्य.

त्या आल्या, चहा घेतला आणि इंग्रजीत विचारलं, नवरा नीट वागवतो ना? मी ताईला मराठीत सांगितलं. ताई लाजली.

"चांगलेच आहेत गं. पण फार सतावतात, सांग त्यांना!"

सतावणे! आदल्याच आठवड्यात डिक्शनरीतून पाठ केलेला शब्द. सोडते होय!

"ही इज गुड, मॅडम," मी म्हणाले, "बट ही हॅरॅसेस हर."

मेमसाहेबांचा कप बशीत आपटला. "हॅरॅसेस? एव्हरी डे?"

"रोज का, विचारतायत."

"रोज!" ताई आणखी खुलली. "परवा मी भाकऱ्या करत बसले होते, तर हळूच माझा पदर खुर्चीला बांधून ठेवला. उठले ती अशी आपटले!"

"ही टाइज हर टु द चेअर, मॅडम. देन शी फॉल्स."

"अँड हिज मदर?"

मी विचारलं, "आणि सासूबाई?" ताई म्हणाली, "त्या पोट धरधरून हसतात!"

"मदर लाफ्स, मॅडम."

मेमसाहेबांनी ताईचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरले होते. त्या गेल्यावर ताई म्हणाली, "एवढी मोठ्या घरची बाई, पण माया बघ!"

संध्याकाळी साहेबांचा ऑर्डर्ली दारात. "नाईक, बंगल्यावर बोलावलंय. फॅमिलीला घेऊन."

"प्रमोशन!" भाऊजी ओरडले.

"कसलं प्रमोशन! साहेब लय तापलेत."

भाऊजी माझ्याकडे वळले. "तू काय सांगितलंस मेमसाहेबांना?"

मी शब्दन् शब्द सांगितला. भाऊजी मटकन खाली बसले. "अगं, हॅरॅस म्हणजे छळ! मी हिचा छळ करतो म्हणून सांगितलंस?"

"आता गं बया!" सासूबाई घाबरल्या. "आणि मी काय केलं?"

"तुम्ही हसलात," मी म्हणाले.

सासूबाईंसकट आम्ही सगळे बंगल्याकडे निघालो. वाटेत माझा हिशोब चालू होता: फीत जाईल, क्वार्टर जाईल, ताई माहेरी येईल, बाबा मला घराबाहेर काढतील!

साहेब व्हरांड्यात उभेच होते. मी पुढे झाले. "सर, नॉट हॅरॅस. स्मॉल हॅरॅस."

साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"लव्ह हॅरॅस, सर!"

भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात ताई, जी कधी परपुरुषासमोर तोंड उघडत नसे, ती पुढे आली. "साब, ये लडकी बोलती वैसा नहीं! ये मस्करी करते हैं, ऐसा!" म्हणत तिनं आपला पदर साहेबांच्या वेताच्या खुर्चीला बांधला आणि ताडताड चालू लागली. मागून खुर्ची खडखडत निघाली, वाटेत मांडलेली चार कुंड्यांची रांग आडवी झाली.

मेमसाहेबांनी ताईला बाजूला घेतलं. "सच बोलो. डर नहीं?"

"डर? मारा तो मैं छोडूंगी क्या!"

आधी मेमसाहेब हसल्या, मग साहेब. "टीझ!" ते मला म्हणाले. "ही टीझेस हर!" सासूबाई मात्र हसल्या नाहीत. हसावं की नाही, हे त्यांना कळेना!

फीत आली. महिन्याभरानं मेमसाहेब पुन्हा येणार असल्याचं कळलं, तेव्हा मी ताईकडेच होते. भाऊजींनी मला सकाळीच नाशिकच्या बसमध्ये बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, "ही मध्ये कुठं उतरणार नाही, एवढं बघा. आणि काहीही झालं तरी हिला इंग्रजीत काही विचारू नका!"