सोफ्याच्या पोटातली कविता

जुना सोफा देऊन नवा आणण्याचा पराक्रम मी केला, तेव्हा घरात माझं केवढं कौतुक झालं! नव्या सोफ्याच्या हातावर कप ठेवायला चक्क खळगा होता. पहिला चहा मी त्या खळग्याच्या शेजारी सांडला. पण तो अपघात किरकोळ. खरा अपघात दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला.

कुशनकाका. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बैठका त्यांच्या हातच्या. तोंडात बारीक खिळे धरायचे आणि एकेक ओठावर आणून ठोकायचे, त्यामुळे बोलणं बेताचं. काकू समोर काथ्या पिंजत बसायच्या आणि दोघांच्या वाटचं बोलायच्या. त्या गेल्या आणि दुकान मुकं झालं. शिवाय लोक आता कापड बदलत नाहीत, सोफाच बदलतात.

"तुमचं कापड विटलं असेल," काका म्हणाले. "बदलून देतो. फुकट."

"काका, तब्येत बरी आहे ना? अहो, तो सोफा कालच गेला. त्याच्या बदल्यात हा आला."

काका नव्या सोफ्यावर बसले नाहीत. भिंतीला टेकले.

मग हळूहळू उलगडा झाला. सांगाडा उघडा असला, की काका सुताराच्या पेन्सिलीनं आतल्या लाकडावर कविता लिहीत आणि वरून कापड ठोकून मोकळे होत. पुढं कधी तोच सोफा कापड बदलायला आला, की खाली आणखी एक ओळ. न्हाव्याच्या फाटक्या खुर्चीतली एक मी नंतर पाहिली:

बसणारा उठून जातो,
स्प्रिंग तेवढी वर येते.
वर येऊन करते काय?
पुढच्याची वाट बघते.

आमच्या सोफ्यात काकूंवरची होती, त्या गेल्या त्याच आठवड्यात लिहिलेली. दुकान आता कायमचं बंद व्हायचं होतं. त्याआधी काकांना ती एकदा वाचायची होती.

"पण कागदावर का नाही लिहिली?"

"कागद रद्दीत जातो. सोफा कोण टाकतंय, वाटलं."

मी खाली मान घालून त्यांना शोरूमच्या गोदामात घेऊन गेलो.

"जुने सोफे?" तिथला माणूस हसला. "ते काय पूजेला ठेवतो होय? लोखंड भंगारात, लाकूड भट्टीत. तुमचा तो हिरवा ना? जाम चिवट! फोडता फोडता हात भरून आले."

"सांधे निखळत नव्हते?" काकांनी विचारलं.

"छे! घण घालावा लागला."

"सांध्यांतला सरस मी स्वतः उकळलेला," काका म्हणाले. क्षणभर चेहरा खुलला. मग त्यांची नजर भट्टीकडे निघालेल्या हातगाडीवर गेली, आणि ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

परतताना मला राहवेना. काहीतरी भरपाई करायलाच हवी होती.

"काका, तुम्ही ती कविता नुसती म्हणा. मी उतरवून घेतो, छान फ्रेम करून देतो."

"पाठ असती तर तुझ्या दारात कशाला आलो असतो?"