पांढऱ्या रेघेचा खडा

सणसर मागं पडून तास होत आला होता. कालव्याच्या भरावावरून कौसल्या पुढं आणि ज्योत्स्ना मागं, अशा दोघी चालल्या होत्या. चार किलोमीटरची वाट खरं तर एवढा वेळ खात नाही, पण कौसल्या मधेच थांबायची, पदराच्या गाठीला हात लावून बघायची, मग पुढचं पाऊल टाकायची. त्या गाठीत एक खडा होता. तांबूस, एका कडेला पांढरी रेघ असलेला. ज्योत्स्नाला तो चांगला ठाऊक होता, कारण तिनंच तो स्वतःच्या हातानं पुन्हा पुन्हा डाळीत टाकला होता.

मोरीच्या लहानशा पुलापाशी कौसल्या मागं वळली.

"ताई, खरं सांगा. तितं खरंच खडं हायत?"

"हायत, आक्का. माझ्या श्रेयाच्या दाताखाली आला परवा. शाळेच्या खिचडीत."

"तुमी टाकलेला न्हवं?"

"न्हाय. श्रेयाची शपथ."

"लेकराची शपथ घेऊ नये," कौसल्या म्हणाली आणि चालू लागली.

ज्योत्स्नाच्या पिशवीत सकाळची गोळी होती, कागदात गुंडाळलेली. कौसल्यानं गोळी घेणं बंद करून चार दिवस झाले होते. अजून दोन-तीन दिवस असेच गेले, तर कानातली माणसं पुन्हा बोलायला लागणार आणि तिला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागणार, हे दोघींनाही माहीत होतं. मागच्या वेळी ती गेली, ती अकरा वर्षं बाहेर आली नव्हती.

कौसल्या चोपन्न वर्षांची. माहेर इंदापूरकडं, सासर बारामतीच्या अल्याड. आजार सुरू झाला तेव्हा सासरच्यांनी "देवदर्शनाला जाऊ" म्हणून तिला हौसेनं नवं लुगडं नेसवलं, जीपमध्ये बसवलं आणि दवाखान्याच्या दारात उतरवलं. औषधानं ती सावरली, पण न्यायला कुणी फिरकलं नाही. तेव्हापासून जीपचं नाव काढलं की तिचे हातपाय गार पडतात. एसटी मात्र चालते. "एस्टीवर गावाचं नाव ल्हेलेलं असतं. ती फशिवत न्हाय," असं तिचं म्हणणं. शाळेकडं मात्र एसटी जात नाही.

दोन वर्षांमागं एका संस्थेनं सणसरला घर भाड्यानं घेतलं आणि तिच्यासारख्या पाचजणींना तिथं राहायला आणलं. आपला स्वयंपाक आपण करायचा, आपल्या कपाटाची किल्ली आपल्यापाशी. दिवसभर सोबतीला ज्योत्स्ना. गाव आधी त्याला येड्या बायांचं घर म्हणायचं, आता नुसतं बायांचं घर म्हणतं.

घर झालं, पण दिवस काही सरत नव्हता. भाकऱ्या थापून झाल्या की बायका भिंतीला टेकून बसायच्या. हाताला काम असलं की मन थाऱ्यावर राहतं, एवढं ज्योत्स्नाला कळत होतं. म्हणून तिनं मूगडाळ आणि मसूरडाळ एकत्र करून, त्यात मूठभर खडे घालून निवडायला दिली. बाकीच्या दोन दिवसांत कंटाळल्या. कौसल्या मात्र हरखली. सूप मांडीवर घेऊन ती दुपारपर्यंत बसायची, डाळीचा दाणान्‌दाणा वेगळा करायची. दुपारी चारलाच निजायची ती रात्री आठला निजायला लागली. पण एवढी डाळ रोज आणायची कुठून? मग ज्योत्स्नानं संध्याकाळी तीच मूगडाळ, तीच मसूरडाळ आणि तेच खडे पुन्हा डब्यात कालवायला सुरुवात केली.

घरी जाऊन ती बुद्धवंदनेला बसायची. आई-बापानं लहानपणापासून लावलेली सवय. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही या वचनापाशी, तिची जीभ अडखळायची. मग ती मनाची समजूत घालायची, की कुणाचं भलंच होतंय ना. असे चार महिने गेले.

आणि मग तो खडा. कौसल्यानं तो सुपातून उचलून ज्योत्स्नासमोर धरला होता.

"ह्यो मी काल काढला हुता. परवाबी. वळखू येतो का, ताई?"

ज्योत्स्नाला तोंड वर करता येईना. "चुकले, आक्का. तुमच्या हाताला काम असावं म्हणून केलं."

"काम व्हय ते? कोंबडीखाली चुन्याचं अंडं ठेवत्यात, तशी बसवलीत मला."

त्या दिवसापासून सूप भिंतीला लागलं आणि गोळीही बंद झाली. "डाळ खोटी, तर गोळी खरी कशावरनं?" असं ती विचारायची. चौथ्या दिवशी कौसल्याच म्हणाली, "मला खरं खडं दावा. मग बघू." तेव्हा ज्योत्स्नाला श्रेयाचा दात आठवला. तिनं आपल्या वस्तीवरच्या शाळेच्या बाईंना गाठून सगळं खरं खरं सांगितलं. बाई म्हणाल्या, ओट्यावर बसून निवडू द्या. प्रयागबाईला तेवढं समजवा.

प्रयागबाई म्हणजे शाळेची खिचडी रांधणारी. साठीची, तोंडानं तिखट. दोघी फाटकातून आत आल्या तेव्हा ती चुलीला फुंकर घालत होती.

"हीच का ती?" तिनं कौसल्याला खालून वर न्याहाळलं. "ए बाई, हितं चुलीकडं यायचं न्हाय. तितं ओट्यावर बसायचं. आन्‌ माझ्या डाळीत खडं न्हाईत, सांगून ठेवते. पोरं उगंच बोंबलत्यात."

कौसल्यानं सूप घेतलं, मूगडाळ पाखडली, पसरली आणि मान खाली घातली. ज्योत्स्ना पायरीवर बसून बघत राहिली. डाळीत खरंच खडे नसले तर? मनातल्या मनात ती भगवंताकडं खडे मागत होती. असलं मागणं कुणी मागितलं नसेल.

बऱ्याच वेळानं कौसल्या उठली. तळहातावर सात खडे होते. काळे, करडे, एक मातीचं ढेकूळ. तिनं पदराची गाठ सोडली, आपला खडा त्यांच्याशेजारी ठेवून पाहिला. त्याच्यासारखा एकही नव्हता. मग ती प्रयागबाईपुढं जाऊन उभी राहिली, चुलीपासून बरोबर चार पावलं लांब.

"तुमी न्हाईत म्हनला, त्यातलं हे सात."

प्रयागबाईनं तिचा हात धरून डोळ्यांजवळ नेला, तिरका केला, पुन्हा सरळ केला.

"तुमाला दिसत न्हाय व्हय?" कौसल्यानं विचारलं.

"दिसतंय की! धूर गेलाय डोळ्यांत."

"धूर तिकडं चाललाय, प्रयागबाई."

प्रयागबाई हसू दाबत पुटपुटली, "मोतीबिंदू हाय म्हणत्यात. बाईंना बोलू नगंस, काम काढून घेतील. तांदूळ राहिल्यात. घे."

तांदूळ निवडून झाल्यावर कौसल्यानं रेघेचा खडा फाटकाबाहेर भिरकावला आणि ज्योत्स्नापुढं हात केला.

"गोळी आणलीय न्हवं? द्या."

त्या दिवसापासून कौसल्या रोज सकाळी साडेसातला निघते. भरावावरून एकटीच चालत येते. प्रयागबाई तिला झोप लागावी म्हणून डोक्याला लावायचं तेल सांगते, ती प्रयागबाईला जिरं आणि मोहरी ओळखून देते. डोळ्यांचं बाईंना प्रयागबाईनं शेवटी स्वतःच सांगितलं. कामही गेलं नाही आणि ऑपरेशनची तारीखही मिळाली. ती ऑपरेशनला बारामतीला जाईल तेव्हाही डाळ निवडायला कौसल्या असणारच आहे.

सगळे दिवस मात्र सारखे नसतात. महिन्याभरात एक सकाळ अशी आली, की कौसल्याला अंथरुणातून उठवेना. कानात गलका होता, गोळी घेऊनही होता. ज्योत्स्नाला वाटलं, हिची जागा जायला नको. ती स्वतः शाळेत गेली, कुणाला काही न सांगता ओट्यावर बसून डाळ निवडून आली. प्रयागबाई दहा वेळा फाटकाकडं बघून गेली आणि शेवटी म्हणाली, "ती कुठंय? तुमचं सूप धरणं बघून माझं डोकं उठलंय."

दुसऱ्या दिवशी कौसल्या निघाली, तेव्हा ज्योत्स्ना मोरीपर्यंत सोबत गेली. प्रयागबाईचं बोलणं तिनं सांगितलं, स्वतः डाळ निवडली तेही सांगितलं. काही लपवायचं नाही, एवढं आता पक्कं होतं.

कौसल्या मोरीवर टेकली. "म्हंजे ती वाट बघत हुती?"

"फाटकाकडं सारखी बघत हुती."

कौसल्याची कुणीतरी वाट बघितल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"ताई, एक करा माझं," ती म्हणाली. "असा दिवस पुन्ना येनार. आला की माझ्या बदली तुमी निवडू नका. प्रयागबाईला जाऊन सांगा, कौसल्या आज रजेवर हाय, उद्या येनार. आन्‌ माझं सूप खुटीला तसंच राहू द्या."