रिकामी टोपली वर जात नाही

नेपल्सच्या सानिता वस्तीत कुणी म्हणालं, "आधी वर विचारून ये," तर वर म्हणजे देवाला नव्हे. वर म्हणजे दोन्ना एर्मिनियाला. ड्यूकच्या हवेलीच्या चौथ्या मजल्यावर, छपराखालच्या दोन खोल्यांत तिची उभी हयात गेली. खाली ड्यूक मेले, डचेसबाई गेल्या, वारसांनी हवेली मिलानच्या एका कंपनीला विकली आणि कंपनीने तिथे पंचतारांकित हॉटेल काढायला घेतलं. एर्मिनिया जागची हलली नाही. डचेसबाईंनी मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं, की दरवान ओनोफ्रियोची बायको मरेपर्यंत या खोल्यांत राहील. आणि मरायची एर्मिनियाला मुळीच घाई नव्हती.

ती हातमोजे शिवायची. आई हवेलीचे कपडे धुवायची आणि ही खिडकीत बसून मऊ कातड्याच्या बोटांना टाके घालायची. ते मोजे पुढे कुठल्या कुठल्या नाजूक हातांत गेले असतील. हिने स्वतः कधी जोड घातला नाही. "थंडी वाजली तर भांडते," म्हणायची. कापलेलं कातडं खालून, खिडकीतून दोरीने सोडलेल्या टोपलीत यायचं, शिवलेले जोड टोपलीतूनच उतरायचे. ओनोफ्रियोने मागणी घातली तीसुद्धा टोपलीतून. त्याने चेरी घातल्या, हिने खाऊन बिया परत पाठवल्या. तो होकार होता हे त्या भोळ्या सांबाला कळायलाच आठवडा लागला.

टोपलीचा वस्तीत एक दंडक आहे. ती खाली आली, की तिच्यात काहीतरी घालायचंच. वर राहणाऱ्याशी भांडण आहे की अबोला, हे बघायचं नाही. काही नसेल तर लिंबू घालायचं, दोरीला दोन झटके द्यायचे, वरचं माणूस ओढून घेतं. जो टोपली रिकामी पाठवतो त्याच्या घरात अन्न टिकत नाही, असं इथल्या आया मुलांना पाळण्यात असल्यापासून ऐकवतात.

ओनोफ्रियो गेला, पाठोपाठ एर्मिनियाचे गुडघेही गेले. हवेलीचा तो प्रसिद्ध जिना, ज्याचे फोटो काढायला जगातून लोक येतात, तिला आता डोंगरासारखा झाला होता. हॉटेलवाल्यांनी लिफ्ट बसवली ती तिसऱ्या मजल्यापर्यंत, तीही पाहुण्यांच्या कार्डावर उघडणारी. कंपनीने तिला शहराबाहेर नवा फ्लॅट देऊ केला. तिने विचारलं, "तिथे चौक आहे का?" नव्हता. "मग मी भांडू कुणाशी, भिंतीशी?"

इथवर ठीक होतं. मग कंपनीच्या डोक्यात काचेचं छत शिरलं. पाहुण्यांनी भर पावसात, संगमरवरावर बसून नाश्ता करावा, म्हणून हवेलीच्या आतल्या अख्ख्या चौकावर, पहिल्या मजल्याच्या उंचीवर काच. एर्मिनियाच्या दोन्ही खिडक्या चौकातच उघडतात. काच बसली, की टोपली काचेवर आपटणार आणि बाई वर अडकणार.

हे सांगायला मॅनेजर कातेल्लो जिने चढून वर आला. पोरगा याच वस्तीतला, पण मिलानला शिकून आलेला. बूट इतके चकचकीत, की त्यात तोंड दिसावं.

"दोन्ना एर्मी, ऐका माझं," तो धापा टाकत म्हणाला. "तुम्ही नुसता फोन करायचा. दूध, पाव, औषध, सगळं आमचा वेटर ट्रेमधून आणून देईल. राणीसारख्या राहा की!"

"आणि वेटरला सवड नसली तर राणीने काय करायचं?"

"अहो, पाचदहा मिनिटं इकडेतिकडे..."

"पोरा, आज दोरी माझ्या हातात आहे. मला वाटलं की सोडते, भरली की ओढते. कुणाची मिनतवारी नाही. तुझ्या ट्रेची वाट बघायला लागले, की मी माझ्याच घरात पाहुणी झाले. आणि पाहुणीला काय, उद्या 'निघा' म्हणता येतं."

"तसं कोण म्हणतंय? पण काच बसणार. वरून ठरलंय."

"वरून? तुझ्या वर मी राहते!" एर्मिनिया खुर्चीतच ताठ झाली. "तू आतडीवाल्या रोसारियाचा नातू ना? तुझ्या आजीने या टोपलीत गरम आतडी घातलीत, वर लिंबू पिळून, मीठ टाकून. आणि तू माझ्यावर झाकण लावतोस? मी काय बरणीतलं वांगं आहे? लोणचं घालतोस माझं?"

कातेल्लो जिना उतरला. त्याला वाईट वाटलं होतं, पण नोकरी ती नोकरी.

काचा बसू लागल्या. बसवणारे कारागीर वस्तीतलेच. त्यांनी सगळीकडून सुरुवात केली आणि एर्मिनियाच्या खिडकीखालचा चौकोन आपोआप शेवटचा राहिला. योगायोग म्हणायचा तर म्हणा.

ती शेवटची काच बसवायच्या दिवशी मिलानहून कंपनीच्या संचालिका माइनार्दीबाई आल्या. चौकात टेबलं मांडली होती, पांढऱ्याशुभ्र चादरी, टोपल्यांत पाव. फाटकावर एक दांडगा रखवालदार उभा केला होता, की आज ऐऱ्यागैऱ्याने आत येऊ नये. कातेल्लो माइनार्दीबाईंना सांगत होता, "वरच्या बाईंचा प्रश्न आता मिटल्यातच जमा आहे, मॅडम."

आणि त्या मोकळ्या चौकोनातून टोपली उतरली. सावकाश, डुलत डुलत, आणि बरोबर माइनार्दीबाईंच्या नाकासमोर येऊन थांबली. जुनी वेताची टोपली, तळाला हातमोज्याच्या कातड्याची ठिगळं.

"सबातिनो!" वरून हाक आली. सबातिनो म्हणजे समोरचा वाणी. रोज तोच सामान भरायचा.

"दोन्ना एर्मी, हा टोणगा मला आत सोडत नाही!" सबातिनो फाटकातून ओरडला.

"नसू दे सोडत. मी थांबते!"

टोपली तशीच लोंबत राहिली. कारागिरांनी हातातली कामं ठेवली. फाटकाशी गर्दी जमली. सगळे कातेल्लोकडे बघू लागले.

"ती टोपली वर ओढायला सांगा," माइनार्दीबाई म्हणाल्या.

कातेल्लोने दोरी धरली. नुसते दोन झटके द्यायचे, रिकामी टोपली वर गेली असती, प्रश्न मिटला असता. त्याने दोरी धरली खरी, पण दुसरा हात टेबलाकडे गेला, तिथला गोल पाव उचलून टोपलीत ठेवला, आणि मग झटके दिले. हे त्याने केलं म्हणणंही खरं नव्हे. ते रोसारियाआजीने केलं, थडग्यातून. आपण काय केलं हे कळलं तेव्हा पठ्ठ्याचे कान लालभडक झाले होते.

टोपली वर गेली. मग वरून आवाज कडाडला.

"कातेल्लो! हा पाव शिळा आहे!"

टोपली परत उतरली. पावाला एक चावा घेतलेला होता.

"मिलानच्या बाईंना दे तो! मला सबातिनोचा पाव पाहिजे, दूध पाहिजे, आणि गुडघ्याचं मलम. मागत नाहीये मी. माझं सामान आहे ते!"

फाटकात हशा पिकला. माइनार्दीबाईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. "हे मिटवलंत तुम्ही?"

कातेल्लो फाटकाशी गेला, सबातिनोच्या हातातली पिशवी घेतली, परत येऊन एकेक वस्तू नीट टोपलीत रचली, मलम सांडू नये म्हणून कडेला. दोन झटके दिले. मग कोट सारखा करून म्हणाला, "ती काच बसणार नाही, मॅडम."

"हे तुम्ही ठरवणार?"

"मी कोण ठरवणारा? बसवणारा कोण आहे तेवढं बघा."

कारागिरांचा मुकादम हत्यारं पिशवीत भरत होता. "आमच्याही आया वरच्या मजल्यावर राहतात, मॅडम," तो म्हणाला आणि जेवायला निघून गेला.

बाहेरून माणसं आणता आली असती. पण सानितात वस्तीच्या मनाविरुद्ध काच बसवणं सोपं नाही, आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं. चौकोन राहिला तो राहिलाच. पाऊस आला की संगमरवरावर धार लागते, तिथे आता तांब्याचं मोठं घंगाळ ठेवलंय. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याला 'आकाशाची खिडकी' म्हटलंय. म्हणू देत बापडे.

पहिल्याच आठवड्यात नाश्त्याला बसलेल्या एका जर्मन पाहुण्याला टोपलीचं फार कौतुक वाटलं. त्याने खिशातून एक नोट काढून आत टाकली. टोपली वर गेली आणि तितक्याच वेगाने खाली आली, नोटेसकट.

"ओ साहेब! मी काय देवळातली पेटी आहे?" वरून आवाज आला. "शेजारीण आहे मी तुमची, चौथ्या मजल्यावरची!"

पाहुणा गोंधळून कातेल्लोकडे बघू लागला. कातेल्लोने नोट उचलून त्याच्या हातात परत दिली, टेबलावरच्या बशीतलं लिंबू त्याच्यापुढे सरकवलं.

"हे घाला," तो म्हणाला, "आणि दोरीला दोन झटके द्या."