पार्किंगमधला वॉल्ट्झ

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या आमच्या बिल्डिंगमधली मंडळी जमली की कोविडचा विषय निघतोच. कोण कसं घरात कोंडलं गेलं होतं, हे सांगायला एखादा सुरुवात करतो आणि दोन मिनिटांत गाडी डान्सकडे वळते. मग एका किश्शाचं शेपूट धरून दुसरा येतो. मी स्वतः पाहिलेत तेवढेच सांगते.

सुरुवात झाली एका कोरियन सिनेमाने. पहिला लॉकडाऊन. माझ्या सासूबाई नातीला भेटायला पुण्याहून आल्या आणि विमानं बंद झाल्याने इथेच अडकल्या. त्यांचा वेळ जावा म्हणून मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बॉलरूम डान्सच्या स्पर्धेवरची एक लव्हस्टोरी लावली. भाषा कोरियन, सबटायटल्स फक्त डच. आमची इरा डच वाचून इंग्लिशमध्ये सांगायची आणि मिलिंद ते आईंना मराठीत.

हिरोने डोळ्यांत पाणी आणून भलंमोठं भाषण केलं. इरा म्हणाली, "ही लाइक्स हर, बेसिकली."

मिलिंद म्हणाला, "त्याला ती आवडते."

"इतका वेळ बोलला, आणि एवढंच?" आईंनी विचारलं.

"एवढंच."

"तुझे बाबा एवढंही कधी बोलले नाहीत," आई म्हणाल्या आणि पुढचा सिनेमा त्यांनी सावरून बसून पाहिला.

*

दुसऱ्या दिवशी सोफा सरकवून मी आणि मिलिंदने सिनेमातला वॉल्ट्झ, तो जोडीने गिरक्या घेत करायचा नाच, करून पाहिला. आमची जमीन लाकडी आणि खालच्या मजल्यावर विम. ऐंशीच्या घरातले, एकटे राहणारे. थोड्याच वेळात बेल वाजली. विम जिन्यापाशी लांब उभे होते. मी घाईघाईने सॉरी म्हणायला लागले.

"आवाजाचं काही नाही," ते म्हणाले. "पण वॉल्ट्झ तीन ठेक्यांचा असतो. तुम्ही चार मोजताय. मला खाली स्वस्थ बसवत नाही."

तेव्हा कळलं की तरुणपणी ते आणि त्यांची बायको रिया स्पर्धांमध्ये नाचायचे. रिया आता केअर होममध्ये होती आणि कोविडमुळे तिथे आत जाणं बंद झालं होतं. "त्यामुळे माझ्याकडे वेळ आहे," विम म्हणाले. "तुम्हाला शिकायचं असेल तर."

*

क्लास भरायचा मागच्या पार्किंगमध्ये. प्रत्येक जोडी दुसरीपासून दीड मीटर लांब. विमची पार्टनर म्हणजे एक झाडू. तिच्याशी ते इतक्या अदबीने वागायचे की झाडू खाली ठेवताना आम्हालाही जपून ठेवावीशी वाटायची.

वरच्या मजल्यावरचे प्रसाद आणि अश्विनीही यायचे. प्रसादची नोकरी नुकतीच गेली होती. लवकर दुसरी मिळाली नाही तर इथे राहायचं परमिट जाऊन परत पुण्याला जायची वेळ. दोघं एकमेकांशी जेमतेम बोलत होते. नाचताना मात्र सारखे धडकत.

विमनी त्यांना थांबवलं. "तुम्ही दोघंही पुढे चालताय. कुणीतरी एकाने उलटं चालायला हवं."

"त्याच्या नोकरीसाठी माझी सोडून आले," अश्विनी म्हणाली. "अजून किती उलटं चालू?"

विमनी मान डोलावली आणि ते प्रसादला म्हणाले, "मग आज तू चाल."

प्रसाद उलटा चालला आणि सरळ सायकलींच्या स्टँडवर जाऊन आदळला. चार सायकली पाडल्या. त्या उचलता उचलता दोघं हसायला लागले, आणि अश्विनी हसता हसता रडली. पुढे दोघांनीही अर्ज केले. आधी नोकरी अश्विनीला लागली. प्रसाद आजही पाहुण्यांना ओळख करून देताना सांगतो, "हिच्या परमिटवर आहे मी."

*

आईंचं काम फोनवर गाणं लावायचं. नाचायला त्या तयार नव्हत्या. "या वयात लोक काय म्हणतील, विमराव?" हे त्यांनी मराठीतच विचारलं. विमना अर्थातच काही कळलं नाही. त्यांनी आईंकडे बोट दाखवून मिलिंदला त्यांचा हात धरायला सांगितलं.

मिलिंद अवघडून पुढे झाला. पहिल्याच गिरकीला त्याचा पाय आईंच्या पायावर पडला.

"अगदी लहानपणी चालायचास तसाच," आई म्हणाल्या. गाणं संपलं तरी त्यांनी त्याचा हात सोडला नाही, आणि त्यानेही सोडवून घेतला नाही.

*

त्या वर्षात आम्ही विमना काय दिलं? आईंच्या हातच्या शंकरपाळ्या, फार तर. त्यांनी आम्हाला काय दिलं, ते अजून नीट सांगता येत नाही मला.

एकदाच त्यांनी काही मागितलं. रियाचा वाढदिवस होता. "बाहेरच्या बागेत नाचायला याल का? ती खिडकीतून बघेल." मग म्हणाले, "ती मला आता ओळखत नाही. पण डान्स ओळखते."

आम्ही सगळे सायकलींवरून गेलो. विम सूट घालून आले होते, बूट चकचकीत. झाडू त्यांनी आणली नव्हती. आम्ही दोन जोड्या मागे, आणि पुढे विम एकटेच, हात वर धरून, मिठीत रिकामी जागा घेऊन. काचेपलीकडे खुर्चीतली रिया हळूहळू पुढे वाकली. तिने खूण केली तशी नर्सने खिडकी थोडी उघडली.

"तुम्ही छान नाचता," रिया विमना म्हणाली. "पण राग मानू नका, माझा नवरा तुमच्यापेक्षा चांगला नाचतो."

विम थांबले. कमरेत वाकून त्यांनी तिला नमस्कार केला.

"हो," ते म्हणाले, "मीही तसंच ऐकलंय."