सकाळी सातचं सेशन

एडी सिरींज एकदा दाबली की लॉक होते. ती पुन्हा वापरता येऊ नये म्हणून तशीच बनवलेली असते. त्या सकाळी लस भरता भरता माझा अंगठा घसरला आणि दांडा आत गेला. सिरींज वाया. दुसरी घेतली, तिचंही तेच. समोर अंगणवाडीच्या सतरंजीवर सात बाया लेकरं घेऊन बसलेल्या आणि माझी बोटं लाकूड झालेली.

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स. केशोरीकडच्या गावांत मुलांना लस टोचता टोचता माझे केस पिकले. गेल्या हिवाळ्यात बोटांचे सांधे सुजायला लागले. गोंदियाच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आमवात सांगितला. या दुखण्याची खोड अशी, की सकाळी दोन तास हात उघडू देत नाही आणि दुपारी साळसूदपणे गप्प बसतं. त्यामुळे ऑफिसात कुणाला संशय आला नाही, मीही सांगितलं नाही. सांगितलं तर लसीकरण काढून घेतील आणि रजिस्टरं लिहायला बसवतील, ही धास्ती. लेकरं सोडून रजिस्टरं सांभाळायची, या विचारानेच मला रडू यायचं.

एरवी सेशन दहाला असतं. पण इटियाडोह धरणाचं पाणी सुटून रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली, की आठनंतर गावात आई सापडत नाही. म्हणून रोवणीपुरती सातची वेळ मीच दरवर्षी प्लॅनमध्ये लिहून द्यायची. यंदा ती बदलायची तर कारण सांगावं लागलं असतं. मी मुकाट्याने पुन्हा सात लिहिलं आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. मागचं सेशन गरम पाण्यात हात शेकून कसंबसं निभावलं होतं. या वेळी पाण्याने दाद दिली नाही.

तिसरी सिरींज उचलली, तेव्हा पहिल्या नंबरावर सुगंधाबाई होती. रोवणीच्या टोळीची मुखिया, मांडीवर अडीच महिन्यांचा नातू. ती कधीची माझ्या हाताकडेच पाहत होती.

"सिस्टर, हात काऊन असा धरून राहिल्या?"

थंडीने आखडला, असं मी म्हणाले.

"सावनात कोनती थंडी जी? माह्या नातवाले टोचताना हात घसरला त?"

मी सिरींज खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना डोळे भरून आले, त्याची लाजही वाटली. आता ही नातवाला उचलून चालू लागणार आणि तिच्यामागे बाकीच्याही, असं मला वाटलं. सुगंधाबाई जागची हलली नाही.

"माहे गुडघे दुखते त मी साऱ्या गावाले सांगतो. तुमी कायले लपवता?" मग तिने विचारलं, "बाराले सुटते का तुमचे हात?"

सुटतात, मी म्हणाले.

"मंग बाराले टोचा. आमी बांधीवरून जेवाले येतोच."

बांधी म्हणजे धानाचं शेत. लस डब्यात बर्फाच्या पॅकमध्ये होती, ती दुपारपर्यंत टिकणार होती. राहिली फक्त वेळ बदलायची परवानगी. मी तिथूनच आमच्या मेडिकल ऑफिसर मॅडमना फोन लावला आणि दोन सिरींजसकट सगळं सांगितलं. त्या चांगल्याच रागावल्या. दर मीटिंगला त्या काही प्रॉब्लेम आहे का विचारायच्या आणि दर मीटिंगला मी नो प्रॉब्लेम म्हणायची, हे त्यांच्या लक्षात होतं. शेवटी, सेशन बाराला करा, प्लॅन मी बदलते, म्हणाल्या.

मी हळूच विचारलं, "मॅडम, लसीकरण काढून घेणार नाही ना?"

"तुमच्या जागी पाठवायला माझ्याकडे आहे कोण?"

माझ्या नोकरीत इतकं गोड वाक्य मी ऐकलं नव्हतं.

बाराला बाया चिखलाच्या पायांनी आल्या. सुगंधाबाईच्या नातवाला पहिली सुई दिली. अंगठा नीट चालला, पोरगं दणकून रडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. सातही लेकरं अर्ध्या तासात झाली. एकही सिरींज वाया गेली नाही.

आमवात काही पळून गेला नाही. पण त्याची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आता लपवून घ्यावी लागत नाही, त्यामुळे ती चुकतही नाही. सकाळी कोमट पाण्यात बोटं उघडमीट करते, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते आणि कुणी विचारलं तर काय झालंय ते सांगते. सकाळी पेनही धरवत नाही, म्हणजे रजिस्टरांची धास्ती फुकटचीच होती. रोवणीला निघालेली सुगंधाबाई रस्त्यावरूनच विचारते, सुटले का जी हात? मी कधी हो म्हणते, कधी अजून नाही. दोन्ही उत्तरांवर ती मान हलवून पुढे जाते.

टोचल्यावर प्रत्येक आईला मी सांगते, ताप आला, सूज आली तर लपवू नका, लगेच कळवा. वीस वर्षं सांगत आले. मला स्वतःला ते कळायला दोन सिरींज लागल्या.